मूठभर पेंडीची साक्ष

रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढे रांगेत उभे राहणे हा आमच्या घरात वडिलांचा हक्क होता. हातात जाड कापडाची पिशवी, पिशवीत स्टीलचा डबा आणि मागे लुडबुडणारा मी. खाटीक वर्षानुवर्षांच्या ओळखीचा. तरीही वडील टांगलेल्या बोकडाकडे डोळे बारीक करून पाहत, चरबीचा रंग न्याहाळत, मांडीचा भाग बोटाने किंचित दाबत आणि मग विचारत, "कवळं आहे ना रे?" खाटकाचे उत्तर ठरलेले असे, "अण्णा, तुम्हाला वाईट देईन का?" घरी आल्यावर आई डबा उघडून नुसती एक नजर टाकी आणि काहीही न बोलता कुकरच्या दोन शिट्ट्या कमी करायच्या की वाढवायच्या ते ठरवी. तिचा अंदाज सहसा चुकत नसे. वडिलांचा चुके, पण ते कबूल करण्याची आमच्या घरात पद्धत नव्हती.

मांसाहार न करणाऱ्या वाचकांनी इथेच पान उलटू नये. त्यांच्या सकाळच्या चहातले दूधही शेवटी कुठल्या तरी गोणीतल्या पेंडीतूनच आलेले असते आणि मला आज खरे सांगायचे आहे ते त्या गोणीविषयी. वस्तू बाहेरून पाहून तिच्या आत काय आहे हे ओळखायचे कसे, हा प्रश्न मला वडिलांच्या बोटापासून माहीत होता. पण त्या प्रश्नावर एखाद्याचा संसार अवलंबून असू शकतो, हे मला नोकरीत कळले.

१९८८ साली मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात, बँकेच्या शाखेत शेती अधिकारी म्हणून रुजू झालो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाची ती वर्षे. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला संकरित गाय घेऊन द्यायची. काही हिस्सा सरकारी अनुदानाचा, उरलेला बँकेच्या कर्जाचा. पहिली गाय नीट दूध देऊ लागली, हप्ते वेळेवर आले, की काही महिन्यांनी दुसरी गाय. मोटारसायकलवरून वाड्या-वस्त्यांवर जायचे, गाईच्या कानातला विम्याचा बिल्ला तपासायचा, गोठा पाहायचा आणि तपासणी अहवालात शेरा लिहायचा, हे माझे काम.

अशाच एका वस्तीवर एक बाई होत्या. नवरा ऊसतोडीला गेलेला, दोन मुले शाळेत आणि दारात आमच्या कर्जाची गाय. पहिले तीन महिने गाय दोन्ही वेळचे मिळून नऊ लिटर दूध देत होती. चौथ्या महिन्यात ती पाचावर आली, मग चारावर. डेअरीत फॅट लागेना. हप्ता चुकला. मी गेलो तेव्हा बाई गव्हाणीपाशीच उभ्या होत्या. म्हणाल्या, "सायेब, पेंड तर पाटी पाटी घालतीया, पर दूद काय वाढंना. गाय खातीया अन् वाळत चाललीया." गोठा स्वच्छ होता. कडब्याची कुट्टी होती, आंबोणाचे भांडे घासलेले होते. पण माझ्यापुढे आकडे होते आणि आकडे सांगत होते की खाते थकले आहे. गाय खाते आणि तरी वाळते, हे मला काही पटेना. त्या दिवशी अहवालात मी लिहिले, 'जनावराच्या निगेकडे कर्जदाराचे दुर्लक्ष.'

आमच्या भागातले पशुवैद्यकीय डॉक्टर मात्र तिथेच थांबले नाहीत. त्यांनी गोणीत हात घातला, मूठभर खाद्य तळहातावर चोळले, हुंगले आणि मला म्हणाले, "साहेब, याचा नमुना पाठवून पाहा." मी पाठवला. सात आठवड्यांनी अहवाल आला. 'क्रूड प्रोटीन २०.४ टक्के.' गोणीवर २० टक्के छापलेले होते. म्हणजे माल चोख. आपला शेरा बरोबर निघाला याचे मला तेव्हा समाधान वाटले होते, हे आज लिहिताना हात अडखळतो. डॉक्टर तो कागद पाहून हसले. "साहेब, युरियातही नायट्रोजनच असतो. युरिया किती ते वेगळे विचारा."

त्यांच्या हसण्याचा अर्थ कळायला मला थोडे रसायनशास्त्र शिकावे लागले. ते मी वाचकांनाही थोडक्यात सांगतो, कारण साऱ्या गोष्टीची मेख तिथे आहे.

खाद्यातली प्रथिने मोजायची जगभरची पद्धत १८८३ सालची. योहान केल्डाल हा डेन्मार्कमधला रसायनज्ञ. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग या बिअरच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्याने ती शोधून काढली. नमुना तीव्र गंधकाम्लात उकळायचा, त्यातल्या नायट्रोजनचा अमोनिया करायचा, तो मोजायचा. प्रथिनांमध्ये साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून आलेल्या आकड्याला ६.२५ ने गुणायचे. झाले प्रथिन. पद्धत इतकी भरवशाची की आजही ती प्रमाण मानतात. पण ती प्रथिन पाहतच नाही. ती पाहते नायट्रोजन. आणि युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे एक किलो युरिया गोणीत मिसळला की कागदावर जवळजवळ २ किलो ८७५ ग्रॅम 'प्रथिन' वाढते. उभ्या नोकरीत एवढा परतावा देणारी दुसरी गुंतवणूक मी पाहिलेली नाही. उरलेली गोणी मग भुशाने, टरफलांनी भरायला मोकळीक.

युरिया म्हणजे विषच असे मात्र नव्हे. गाई-म्हशींच्या पोटातले सूक्ष्मजीव थोडासा युरिया वापरून स्वतःची प्रथिने बनवतात, म्हणून पशुखाद्यात तो ठरावीक मर्यादेत चालतो. मर्यादा ओलांडली आणि सोबत दाणाच नसला, तर मात्र गाय खाते आणि वाळते. बाई अक्षरशः खरे बोलत होत्या.

याच गणिताने पुढे माणसांची लेकरेही घेतली. मेलामाइन या रसायनात वजनाच्या दोन तृतीयांश नायट्रोजन असतो. चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधात ते मिसळून प्रथिनांचा आकडा फुगवला जात होता. २००८ साली हे उघडकीस आले तेव्हा सहा बाळे दगावली होती आणि सुमारे तीन लाख आजारी पडली होती. प्रयोगशाळेतला माणूस लबाड नव्हता. त्याला विचारलेला प्रश्नच अपुरा होता.

आमच्या गोणीचा दुसरा अहवाल यायला आणखी आठ आठवडे लागले. युरिया मर्यादेच्या कितीतरी वर होता. तोवर बाईंनी गाय सांगोल्याच्या बाजारात मिळेल त्या भावाने विकली होती आणि पहिले खाते थकलेले असल्यामुळे दुसऱ्या गाईचा प्रश्नच उरला नव्हता. मी तो अहवाल फाइलला लावला. माझा शेरा मात्र तसाच राहिला. लिहिलेले खोडायचे नाही, असा बँकेचा नियम असतो आणि तो योग्यच आहे. पण खाली एक ओळ वाढवायला कोणाची मनाई नव्हती. ती मी वाढवली नाही. माझी बदली झाली.

या गोष्टीला तीसहून अधिक वर्षे झाली. मी निवृत्त झालो, कादंबऱ्या लिहू लागलो. काही वर्षांपूर्वी माझा एक भाचा, जो एका पशुखाद्याच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या कामावर आहे, मला हौसेने त्याचा कारखाना दाखवायला घेऊन गेला. फाटकात सोयाबीनच्या पेंडीचा ट्रक उभा होता. एका कामगाराने टोकदार नळी खुपसून चार-पाच गोण्यांतून नमुने काढले, दळले, तळाला काच असलेल्या वाटीत भरले. भाच्याने ती वाटी एका पेटीवर ठेवली आणि बटण दाबले. वाटी गोल फिरू लागली. आम्ही दोघांनी चहाचे कप उचलले. ते खाली ठेवण्याच्या आत पडद्यावर आकडे आले : ओलावा, प्रथिने, तेल, तंतू. ना आम्ल, ना उकळणे, ना वास.

"मामा, काय झालं?" भाच्याने विचारले. माझा चेहरा बदललेला त्याला दिसला असावा. मी मनात पंधरा आठवडे मोजत होतो.

पेटीत होता फक्त प्रकाश, तोही डोळ्यांना न दिसणारा. त्याची कथा १८०० सालापासून सुरू होते. विल्यम हर्शेल हा मूळचा संगीतकार. इंग्लंडमधल्या बाथ शहरात तो ऑर्गन वाजवी, रात्री दुर्बिणीतून आकाश पाही आणि १७८१ मध्ये त्याने युरेनस ग्रह शोधला. सूर्यप्रकाशाच्या कोणत्या रंगात किती उष्णता आहे हे पाहण्यासाठी त्याने लोलकातून पडलेल्या सप्तरंगी पट्ट्यात तापमापक ठेवले. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथे ठेवलेल्या तापमापकात पारा सर्वांत जास्त चढला. या अदृश्य किरणांना आपण अवरक्त किरण म्हणतो. त्यांतला तांबड्याला लागून असलेला पट्टा, साधारण ७८० ते २५०० नॅनोमीटरचा, म्हणजे निकट अवरक्त. भाच्याच्या पेटीत तोच होता.

हे किरण पेंडीतले प्रथिन कसे ओळखतात? हर्शेल संगीतकार होता, म्हणून संगीताचाच दाखला देतो. तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली की कानाला खर्ज तर ऐकू येतोच, पण नीट लक्ष दिले तर कोणीही न छेडलेला गंधारही त्यातून उमटतो. जाणकार त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. पदार्थातले रेणूही असेच सतत कंप पावत असतात. पाण्यात ऑक्सिजन आणि हायड्रोजनची जोडी, चरबीत कार्बन आणि हायड्रोजनची, प्रथिनात नायट्रोजन आणि हायड्रोजनची. प्रत्येक जोडीचा मूळ स्वर अवरक्ताच्या आणखी पलीकडच्या भागात लागतो, पण त्याचे उपस्वर या निकटच्या पट्ट्यात उमटतात. ज्या स्वराचा प्रकाश येतो तो ती जोडी पिऊन टाकते. पाणी १४५० आणि १९४० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश पिते, चरबी आणि प्रथिने आपापल्या जागी. परतलेल्या प्रकाशात कुठे किती खड्डा पडला हे पाहिले की आत काय किती आहे याचा हिशेब मांडता येतो. उपस्वर क्षीण असतात, हाच इथे फायदा. त्यामुळे प्रकाश वरच्यावर न अडकता जिन्नसात थोडा खोल शिरतो. तोटा असा की सगळे उपस्वर एकमेकांत मिसळलेले असतात. जत्रेच्या गर्दीत आपल्या माणसाचा आवाज ओळखावा तसे ते वेगळे करावे लागतात आणि त्यासाठी गणित लागते.

हे वेगळे करण्याची वाट दाखवली अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या कार्ल नॉरिस या अभियंत्याने. मेरीलँड राज्यातल्या बेल्ट्सव्हिल येथे त्याची प्रयोगशाळा. सुरुवातीला तो अंडी न फोडता ती प्रकाशाने तपासत असे. पुढे धान्यातला ओलावा मोजू लागला, तेव्हा दाण्यातले तेल आणि प्रथिने मध्ये येऊन त्याचे आकडे बिघडवू लागली. एखाद्याने वैतागून नाद सोडला असता. नॉरिसने त्या अडथळ्यालाच कामाला लावले. जे मध्ये येते ते मोजताही येईल, असे त्याने ठरवले. १९६८ मध्ये बेन-गेरा या सहकाऱ्याबरोबर त्याने वाटलेल्या मांसाच्या दोन मिलिमीटर जाडीच्या थरातून प्रकाश सोडून त्यातले पाणी आणि चरबी मोजून दाखवली. १९७५ मध्ये कॅनडाच्या धान्य आयोगाने गव्हाची प्रथिने ठरवण्यासाठी ही पद्धत अधिकृतपणे स्वीकारली. १९७६ मध्ये नॉरिस आणि जॉन शेंक यांच्या गटाने जनावरांच्या चाऱ्याची प्रत याच प्रकाशाने सांगता येते हे सिद्ध केले. माझ्या त्या बाईंच्या गोणीच्या बारा वर्षे आधी! २०१९ मध्ये नॉरिस वारला तेव्हा जगभरच्या धान्य कोठारांत, खाद्य कारखान्यांत आणि मांस प्रक्रिया केंद्रांत त्याच्या पेट्या काम करत होत्या.

मग वडिलांच्या बोटाचे काय? ते अजून निवृत्त झालेले नाही, हे सांगायला मला आनंद वाटतो. खिम्यातली चरबी, पाणी, प्रथिने हे यंत्र उत्तम सांगते. पण 'कवळं आहे का' या प्रश्नावर ते चाचपडते. नूरिया प्रिएतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये 'मीट सायन्स' या नियतकालिकात मांसावरच्या अशा संशोधनाचा आढावा घेतला. त्यांचा निष्कर्ष असाच होता : रासायनिक घटकांच्या बाबतीत यश, मऊपणा आणि चव यांच्या बाबतीत मर्यादा. कारणे मनोरंजक आहेत. मांसाचा अखंड तुकडा सगळीकडे सारखा नसतो, कुठे धागा, कुठे शीर, कुठे चरबी. शिवाय मऊपणा ठरवणार कोण? चाखणारी माणसे. आणि तीच एकमेकांशी सहमत नसतील तर यंत्राने शिकायचे कोणाकडून? आईचे आणि वडिलांचे एकमत कधी झाले होते?

त्याच मांसातून दुसरी एक गोष्ट मात्र हा प्रकाश वाचू शकतो आणि ती मला सर्वांत थक्क करणारी वाटली. जनावराने आयुष्यात काय खाल्ले, ते! स्पेनमध्ये इबेरियन जातीची डुकरे ओकच्या रानात मोकळी सोडून त्याची फळे खाऊ घालून पोसतात. त्यांच्या मांडीपासून केलेल्या मुरवलेल्या मांसाला, दाणा-खाद्यावर पोसलेल्या डुकराच्या मानाने कितीतरी जास्त भाव येतो. जास्त भाव आला की लबाडी आलीच. ओकची फळे खाल्लेल्या जनावराच्या चरबीत ओलेइक आम्लाचे प्रमाण जास्त असते आणि चरबीवर टाकलेला प्रकाश ते सांगतो. कोर्दोबा विद्यापीठातल्या आना गारिदो-वारो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकापासून यावर चिकाटीने काम केले आहे. स्पेनमध्ये २०१४ च्या नियमापासून या मांसाला प्रतीनुसार रंगीत पट्ट्या लावतात. शंभर टक्के इबेरियन वाणाच्या आणि ओकच्या फळांवर पोसलेल्या डुकराला काळी पट्टी. पट्टी खरी की खोटी हे तपासायला चरबी साक्षीला येते. जे खाल्ले ते अंगात उतरते, असे आपल्या आया सांगत आल्या. इथे ते मोजून दाखवले गेले.

खाल्लेले अंगात उतरते याचा भीषण पुरावा त्याआधी ब्रिटनने पाहिला होता. गाईंना स्वस्त प्रथिन म्हणून मेलेल्या जनावरांच्या मांसाचा आणि हाडांचा चुरा खाऊ घातला जात होता. १९८६ मध्ये गाईंचा मेंदू पोखरणारा रोग ओळखला गेला आणि मार्च १९९६ मध्ये ब्रिटिश सरकारने कबूल केले की तो माणसांपर्यंत पोहोचला असण्याची शक्यता आहे. २००१ पासून युरोपीय संघाने पाळीव जनावरांच्या खाद्यात प्राणिज प्रथिनांवर व्यापक बंदी घातली. पण बंदी पाळली जाते की नाही, हे गोणीत पाहून कळणार कसे? बेल्जियममधल्या जाँब्लू येथील कृषी संशोधन केंद्राने सूक्ष्मदर्शक आणि निकट अवरक्त प्रकाश यांची जोडी जुळवली. खाद्याचा एकेक कण घ्यायचा, त्याच्यावर प्रकाश टाकायचा आणि तो वनस्पतीचा की प्राण्याचा ते ठरवायचे. रास चाळून खडा शोधण्यातलाच हा प्रकार.

एवढे सांगितल्यावर यंत्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हे यंत्र जन्मतः अडाणी असते. आधी शेकडो नमुने केल्डालच्या जुन्या पद्धतीने आम्लात उकळून मोजायचे, तेच नमुने यंत्राला दाखवायचे आणि 'या खड्ड्याचा अर्थ हा आकडा' असे त्याला पढवायचे. याला कॅलिब्रेशन म्हणतात, मी शिकवणी म्हणतो. गुरू चुकला की शिष्य चुकतो. परदेशी मक्यावर शिकलेल्या यंत्रापुढे आपली सरकीची पेंड ठेवली, तर ते न लाजता चुकीचा आकडा सांगेल. त्याला युरियाचे नमुने दाखवलेले असतील तर ते युरिया ओळखेल, नसतील तर त्याचीही फसगत होऊ शकते. आणि बुरशीपासून येणारे अफ्लाटॉक्सिन हे विष तर इतके सूक्ष्म असते की त्याचे मोजमाप अब्जांशात करावे लागते. तिथे प्रयोगशाळेला पर्याय नाही. म्हणून केल्डालला रजा देऊन चालत नाही. तो शाळेत बसलेला हवाच, परीक्षा मात्र फाटकावर होऊ शकते.

चहा पिता पिता मी भाच्याला विचारले, "आत येणारा ट्रक तपासता, तशी बाहेर जाणारी गोणी तपासता का?"

"तपासतो की मामा. प्रत्येक लॉट."

"मग तो आकडा शेतकऱ्याला मिळतो?"

तो जरा थांबला. "तो आमच्या रजिस्टरात असतो. गोणीवर छापलेला असतो तो किमान आकडा."

भाच्याचा कारखाना प्रामाणिक आहे, याबद्दल मला शंका नाही. प्रश्न त्याचा नाही. त्या दुपारी परतताना एका गावात थांबलो, तिथे दूध संकलन केंद्रावर संध्याकाळची रांग लागली होती. एकेक बाई किटली पुढे करत होती, यंत्र क्षणात फॅट सांगत होते, एसएनएफ सांगत होते, पावती बाहेर येत होती. साडेतीन फॅटच्या खाली एकेका पॉइंटला पैसे कापले जात होते. कोणी तक्रार करत नव्हते, कारण मोजमाप डोळ्यांसमोर होते. त्याच केंद्राच्या भिंतीला लागून पशुखाद्याच्या गोण्यांची थप्पी होती. रिकामी किटली आणि भरलेली गोणी घेऊन बायका घरी जात होत्या. गोणीचे पैसे दुधाच्या बिलातून वळते होणार होते. दूध विकताना दशांश चिन्हापर्यंत मोजले जाते, दिवसातून दोनदा. खाद्य विकत घेताना मात्र शिवलेल्या गोणीवरचा छापील आकडा, आणि विश्वास. फाटकावरचे यंत्र कारखान्याला व्यापाऱ्यापासून वाचवते, केंद्रावरचे यंत्र डेअरीला शेतकऱ्यापासून वाचवते. शेतकऱ्याला कोणापासून वाचवणारे यंत्र त्या सगळ्या रस्त्यावर मला कुठे दिसले नाही.

हे काही अशक्य कोटीतले मागणे नाही. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे इक्रिसॅटच्या आवारात आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्थेचे काम चालते. तिथे मायकेल ब्लुमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चक्क आपल्या ज्वारीच्या कडब्याचा अभ्यास केला. हैदराबादच्या बाजारात दूधवाले कडबा घेतात तेव्हा नुसता पाहून, हाताळून भाव ठरवतात. संशोधकांनी तोच कडबा तपासला. पचणाऱ्या भागात ४७ आणि ५२ टक्के असा अवघ्या पाच अंकांचा फरक, पण भावात पंचवीस टक्के आणि त्याहून जास्त फरक. म्हणजे व्यापाऱ्याची नजर जे पाहत होती, ते प्रयोगशाळेनेही खरे ठरवले. संकरित ज्वारीला दाणा भरपूर येतो, पण कडबा जनावरे तोंडात धरत नाहीत, ही तक्रार मी कर्जवाटपाच्या दिवसांत किती वेळा ऐकली असेल! मालदांडीवर आमच्या सोलापूरकरांचा जीव होता तो नुसत्या भाकरीसाठी नव्हे. निकट अवरक्त प्रकाशामुळे आता वाण निवडतानाच हजारो नमुन्यांचा कडबा झटपट तपासता येतो, दाण्याबरोबर धाटालाही गुण देता येतात. कडब्याला अनुभवी नजर तरी पुरते. गोणीत शिवलेल्या, दळून एकजीव केलेल्या खाद्यापुढे ती नजर आंधळी होते. प्रकाशाची खरी गरज तिथेच आहे.

यंत्र महाग आहे, प्रत्येक गावात बसवता येणार नाही, हे बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला कोणी सांगायला नको. पण तालुक्याच्या दूध संघात, नाही तर कृषी विज्ञान केंद्रात एक पेटी असावी, तिची शिकवणी आपल्याच भागातल्या पेंडीवर आणि आपल्याच इथे सापडणाऱ्या भेसळीवर झालेली असावी, वर्षातून ठरावीक वेळा चांगल्या प्रयोगशाळेने तिची फेरपरीक्षा घ्यावी. बाजारच्या दिवशी बाईने पदराच्या गाठीत मूठभर खाद्य बांधून आणावे आणि जाताना आकडा घेऊन जावे. ज्या दिवशी दुकानदाराला कळेल की गोणी फोडून कोणीही तिची साक्ष काढू शकतो, त्या दिवशी निम्म्या गोण्या आपोआप सुधारतील. हातात मावणारी यंत्रेही आता मिळू लागली आहेत. त्यांच्या आकड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, पण 'ही गोणी संशयास्पद, मोठ्या यंत्राकडे न्या' एवढे नीट शिकवलेल्या यंत्राने सांगितले तरी पुष्कळ झाले.

मी अजून रविवारी मटण आणायला जातो. खाटकाचा मुलगा आता गल्ल्यावर बसतो. मी बोटाने दाबून पाहतो, तो म्हणतो, "काका, तुम्हाला वाईट देईन का?" आणि मी हसून डबा पुढे करतो. वाईट निघाले तर आमचा एक रविवार बिघडेल, एवढेच. विश्वास ठेवणे मला परवडते. त्या बाईंना ते परवडणारे नव्हते, तरी त्यांना दुसरा मार्ग ठेवलेला नव्हता आणि विश्वास फसला तेव्हा दोषही त्यांच्याच नावावर लिहिला गेला. तो मी लिहिला.

बँकेच्या जुन्या फाइली मुदत संपली की नष्ट करतात. ती फाइल, तिच्यातला शेरा आणि मागे लावलेले दोन्ही अहवाल केव्हाच गेले असतील. शेरा दुरुस्त करण्याची वर्तमानपत्र ही जागा नव्हे, याची मला जाणीव आहे. पण आता दुसरी जागा उरलेली नाही. म्हणून तेव्हा राहून गेलेली ओळ इथे लिहितो : खाद्याच्या तपासणीचे दोन्ही अहवाल पाहता, जनावराच्या निगेकडे कर्जदाराचे दुर्लक्ष झालेले नव्हते.